पॅराजम्बल: आधी जोडी शोधायची की आधी अर्थ लावायचा?

खडूफळा

पॅराजम्बल (स्पर्धा परीक्षांतला इंग्रजीचा प्रश्न, उलटसुलट केलेली वाक्यं क्रमाने लावायची) सोडवताना पहिलं वाक्य शोधायला जाऊ नका. बहुतेक गाइडांत नेमकं उलटं लिहिलेलं असतं आणि माझ्या वर्गातली मुलं तेच घोकून आलेली असतात: आधी ओपनिंग सेंटेन्स ठरवा, मग पुढचं आपोआप लागत जातं. नाही लागत. चारांपैकी दोन वाक्यं तरी अशी असतात की पहिली म्हणून सहज खपतील, आणि पेपर काढणारा ती मुद्दाम तशी ठेवतो. चुकीचं वाक्य एकदा डोक्यात पहिलं बसलं की उरलेल्या तिघांची त्याच्यामागे ओढाताण सुरू होते.

माझं म्हणणं, आधी जोडी शोधा. जोडी म्हणजे अशी दोन वाक्यं, ज्यांतलं एक दुसऱ्याशिवाय उभंच राहत नाही. नमुना देतो. वाक्यांचा मतलब मराठीत, खुणेचे शब्द इंग्रजीतलेच:

१. हिज सक्सेसर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं.
२. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्याने मद्रासजवळ अ बेसलाइन (सर्वेक्षणाची पायारेषा) मोजायला घेतली.
३. लॅम्बटन यांना मात्र काम पुरं झालेलं पाहायला मिळालं नाही. १८२३ मध्ये हिंगणघाटला त्यांचं निधन झालं.
४. द लाइन जेमतेम साडेसात मैलांची होती, पण पुढच्या त्रिकोणांची बांधणी तिच्यापासूनच सुरू होणार होती.

२ मध्ये 'अ बेसलाइन', ४ मध्ये 'द लाइन'. २-४ पक्कं. ३ मध्ये निधन, १ मध्ये 'हिज सक्सेसर'. ३-१ पक्कं. उरले दोन ठोकळे. २ मध्ये पूर्ण नाव आहे, ३ मध्ये नुसतं लॅम्बटन. २-४-३-१, झालं. पहिलं वाक्य मी शोधलंच नाही, ते हाताशी आलं. (हिंगणघाट म्हणजे आपलं वर्धा जिल्ह्यातलंच. लॅम्बटनची कबर तिथे आहे.)

ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणासह लिहावं.

अधांतर

उदाहरण सोयीचं निवडलंत सर. दोन वाक्यांत सनावळ्या, एकात 'सक्सेसर', एकात मृत्यू. हे अर्थ न लावतासुद्धा लागेल. म्हणूनच ते कॅटला (आयआयएमच्या प्रवेश परीक्षेला) येणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॅटमध्ये २०१५ पासून या प्रश्नाला पर्यायच नाहीत. चार वाक्यं दिलेली असतात, क्रम स्वतः टाइप करायचा. पूर्ण बरोबर तर ३ गुण, नाहीतर शून्य. पर्याय असताना एक जोडी सापडली की तीन पर्याय उडायचे, तुमची पद्धत त्या काळातली आहे. आता उतारे असे निवडतात की 'हाउएव्हर', 'देअरफोर', 'फॉर इन्स्टन्स' औषधालाही सापडत नाहीत.

शिवाय 'द' दिसलं की वस्तू आधी येऊन गेली, हे तरी कुठे खरं? द सन, द ब्रेन, द मिडल क्लास. यांची आधी ओळख करून द्यावी लागते का? आणि इंग्रजीत सर्वनाम आधी आणि नाव नंतर असंही सर्रास चालतं. 'व्हेन ही लँडेड इन मद्रास, लॅम्बटन...' हे एखाद्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य असू शकतं. तुमचा विद्यार्थी 'ही' बघून ते दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर ढकलणार.

हे लावून दाखवा:

क. काही वर्षांत रुंद केलेला रस्ताही पूर्वीसारखाच तुंबतो.
ख. रस्ता तुंबतो तर तो रुंद करावा, हे कोणालाही चटकन पटतं.
ग. मोकळा दिसणारा रस्ता आजवर रेल्वेने जाणाऱ्या माणसालाही गाडी बाहेर काढायला लावतो.
घ. दिस रीझनिंग, गाड्यांची संख्या ठरलेलीच आहे असं गृहीत धरतं.

परभणीकर

अधांतर, तुमचं खरं असेलही, पण 'अर्थ लावा' हा सल्ला नसून अपेक्षा आहे. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात. आपल्या भाषेत अ-द ही भानगडच नाही. शाळेत आर्टिकल म्हणजे रिकाम्या जागा भरा, एक मार्क, पुढे चला. त्या अ-द मध्ये माहिती असते, ही वस्तू नवी आहे की ओळखीची हे तो शब्द सांगतो, हे मला एसएससीच्या (दहावीच्या नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या) तयारीत कळलं. तोवर डोळे त्यावरून घसरत जायचे.

त्यामुळे खडूफळा सरांची पद्धत माझ्यासारख्याला हाताला धरून नेते. वाचन वाढवा, 'द हिंदू'चे अग्रलेख वाचा, हे सगळेच सांगतात. ज्याच्या गावात तो पेपर दुपारच्या एसटीने यायचा त्याने सहा महिन्यांत किती वाचायचं? आणि काय बघत वाचायचं हे कोणी सांगत नाही.

मी सीजीएलवाला, म्हणजे एसएससीच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेचा. आमच्याकडे पर्याय असतात, चूक झाली तर गुण कापतात. तिथे जोडीच चालते.

अधांतर

परभणीकर, तुमच्याशी भांडण नाही. सीजीएलला जोडीने चालेल, मान्य. माझा आक्षेप एकच गोळी सगळ्या आजारांवर देण्याला आहे. आणि तुम्ही अ-द बद्दल जे लिहिलंत ते शोधून काढायला तुम्ही काहीतरी वाचत होतात ना? ते वाचनच. फक्त सावकाश आणि डोळे उघडे ठेवून.

टक्का९९

दोघंही जरा थांबा आणि हिशेब करा. कॅटच्या इंग्रजी विभागात ४० मिनिटांत २४ प्रश्न. १६ उताऱ्यांवरचे. उरलेल्या आठात पॅराजम्बल किती? दोन, फार तर तीन. ६ ते ९ गुणांसाठी महिनाभर डोकं फोडायचं, आणि तिकडे १६ प्रश्नांचे उतारे कच्चे ठेवायचे?

माझा नियम: ९० सेकंद. सुटलं तर सुटलं, नाहीतर सुचेल तो क्रम टाइप करून पुढे. टाइप करायच्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे रिकामं सोडणं हा शुद्ध गाढवपणा. याला स्ट्रॅटेजी म्हणा नाहीतर पळवाट.

खडूफळा

टक्का९९, तुमचाच हिशेब पुढे नेतो. चार वाक्यांचे क्रम होतात २४. डोळे मिटून टाकलात तर चोवीसात एक. एक जोडी पक्की केली की ठोकळे तीन, क्रम सहा. त्यात जोडीबाहेरचं पहिलं वाक्यही कळलं तर उरले दोन. म्हणजे त्या ९० सेकंदांत जोडीच्या मागे लागलात तर तुमचा 'सुचेल तो क्रम' अर्ध्या वेळा बरोबर येईल. पळवाट काढायचीच असेल तर जोडीच्या बाजूने काढा.

अधांतर यांचा रस्ता: 'दिस रीझनिंग' हे ख ला चिकटतं, ख-घ पक्कं. 'चटकन पटतं' या विचारालाच रीझनिंग म्हटलंय, क आणि ग मध्ये तसा विचार कोणाचाच नाही. ख-घ अग्रभागी. पुढे ग-क की क-ग?

अधांतर

तेच तर विचारतोय. ख-घ-ग-क की ख-घ-क-ग? दुसरा क्रम वाचून बघा: गाड्यांची संख्या ठरलेली आहे असं गृहीत धरतं, काही वर्षांत रुंद रस्ताही तुंबतो, [का? कारण] मोकळा रस्ता नव्या माणसाला गाडी काढायला लावतो. परिणाम आधी, कारण नंतर. इंग्रजी निबंधांत असं ढिगाने सापडतं. तुमच्या खुणांची पिशवी इथे रिकामी. ना सर्वनाम, ना अ-द, ना जोडशब्द.

जुना कारकून

बँकेच्या परीक्षांचा एक शब्द मध्येच. पूर्वी आमच्याकडे पाच-सहा वाक्यांचा एकच संच आणि त्यावर पाच प्रश्न यायचे: पहिलं कोणतं, तिसरं कोणतं, शेवटचं कोणतं. एक वाक्य इकडचं तिकडे झालं की दोन-तीन उत्तरं गेलीच, वर प्रत्येकी पाव गुण कापला. त्यामुळे सगळा संच पक्का लागला तरच हात घालायचा, नाहीतर सोडायचं, हे आमचं शहाणपण. टक्का९९ म्हणतात ते आमच्याकडे केलं असतं तर नोकरी लागली नसती. प्रीलिमला इंग्रजीच्या ३० प्रश्नांना २० मिनिटं, म्हणून आम्ही हा संच शेवटी ठेवायचो.

मेलबर्नची माई

नवऱ्याच्या पीआरसाठी (कायम राहण्याच्या परवान्यासाठी) आम्ही दोघांनी पीटीई ही इंग्रजीची परीक्षा दिली, त्यातही हा प्रकार असतो, री-ऑर्डर पॅराग्राफ्स. तिथली गुणांची रीत वेगळी आहे आणि खडूफळा सरांचं म्हणणं तिथे शंभर टक्के लागू पडतं. पीटीईत शेजारशेजारच्या जोड्यांना गुण मिळतात. चार डबे (म्हणजे वाक्यं) असतील तर जोड्या तीन, गुण तीन. चूक झाली तर काही कापत नाहीत.

सरांचंच उदाहरण घ्या. बरोबर क्रम २-४-३-१. समजा मी ४-३-१-२ लावला. पहिलंच वाक्य चुकलं, पण ४-३ आणि ३-१ या जोड्या शाबूत आहेत. पीटीईत तीनपैकी दोन गुण. कॅटमध्ये हाच क्रम म्हणजे भोपळा. तेव्हा कोणती परीक्षा हे न विचारता पद्धतीवर भांडण्यात काय हशील?

अधांतर

माई, हा मुद्दा लाखमोलाचा. पण माझा रस्ता अजून तुंबलेलाच आहे. खडूफळा सर?

खडूफळा

ग आधी, क नंतर. ख-घ-ग-क.

कारण ग मधला रस्ता 'मोकळा दिसणारा' आहे. तो मोकळा कधी दिसतो? नुकताच रुंद केल्यावर. क मध्ये 'काही वर्षांत'. काळ पुढे सरकला. क आधी ठेवलात तर रस्ता आधी तुंबतो आणि मग पुढच्या वाक्यात पुन्हा मोकळा दिसायला लागतो. शिवाय घ म्हणतं की गाड्यांची संख्या ठरलेली धरली जाते. त्याला थेट उत्तर ग देतं, नव्या गाड्या येतात. क फक्त तुंबण्याबद्दल बोलतं. म्हणजे घ-ग ही जोडीच आहे, फक्त व्याकरणाची खूण नसलेली.

अधांतर

उत्तर बरोबर, माझ्याकडेही तेच आहे. पण आत्ता तुम्ही काय केलंत ते पाहा. 'मोकळा दिसणारा' म्हणजे कधीचा, हा प्रश्न स्वतःला विचारलात. याला मी अर्थ लावणं म्हणतो. तुम्ही त्यालाही जोडी म्हणणार असाल तर मग जोडी नाही असं काही उरतच नाही.

खडूफळा

नाव काहीही द्या. मुलांना 'अर्थ लावा' म्हटलं की ती चारही वाक्यं पुन्हा पुन्हा वाचत बसतात, डोळे फिरतात, हाती काही लागत नाही. 'या दोन वाक्यांत कोणतं कोणाला उत्तर देतंय' असं विचारलं की ती दोनच वाक्यांकडे बघतात. अर्थ लावण्याचं काम तेवढ्या तुकड्यापुरतं होतं. मला वर्गात फरक दिसतो.

तुमचा एक आक्षेप मात्र मी उद्यापासून शिकवणार आहे: सर्वनाम आधी, नाव नंतर. सर्वनामाचा मालक त्याच वाक्यात पुढे बसलाय का हे बघितल्याशिवाय ते वाक्य मागे ढकलायचं नाही.

टक्का९९

एवढ्यात माझे दोन आरसी (उताऱ्यांवरच्या प्रश्नांचे) सेट झाले असते.

अधांतर

आणि आरसीत 'दिस' कोणाला म्हटलंय हे न कळल्याने तिसरा प्रश्न चुकला असता. ही कौशल्यं वेगळी नाहीत टक्का९९. एका उताऱ्यातल्या एका परिच्छेदाची वाक्यं उलटसुलट करून मित्राला द्या आणि त्याने केलेली तुम्ही सोडवा. त्यासाठी वेगळा महिना लागत नाही, उतारा तर तुम्ही वाचतच असता.

परभणीकर

सर, माझा एक खुळा प्रश्न. सीजीएलला जोडी सापडते, दोन पर्याय उडतात आणि मी उरलेल्या दोनांत लटकतो. टियर २ ला (दुसऱ्या टप्प्याला) चूक झाली की पूर्ण एक मार्क जातो. तिथे काय करायचं? आमच्या अभ्यासिकेत सगळे म्हणतात सोड.

खडूफळा

खुळा कसला, हाच कामाचा प्रश्न आहे. टियर २ ला इंग्रजीचा प्रश्न ३ गुणांचा, चुकीला १ जातो. दोन पर्याय उरलेत, काहीच कळत नाही, असं धरा. असे दोन प्रश्न नाणं उडवून सोडवलेत, एक बरोबर एक चूक, तर ३ आले १ गेला, २ गुण वर. सोडले असते तर शून्य. चारही पर्याय उभे असतील तर मात्र हिशेब बरोबर शून्यावर येतो, तिथे सोडलंत तरी काही बिघडत नाही. तुमच्या अभ्यासिकेचा सल्ला त्या एकाच वेळेला चालतो.

आणि दोनांत लटकलात की दोन्ही पर्याय आखून बघा, ते कुठे वेगळे होतात. बहुतेक वेळा फरक एकाच सांध्यावर असतो. तेवढीच दोन वाक्यं दोन्ही क्रमांनी मनात मोठ्याने वाचा, बाकीच्यांकडे बघू नका.