मदत हवी आहे: बेसबॉलच्या ग्लोव्हची पुस्तिका चपला शिवणाऱ्या काकांना समजेल अशा मराठीत

नमस्कार मंडळी,

भाचा नाशिकला शाळेच्या संघात सॉफ्टबॉल खेळायचा, यंदा बेसबॉलकडे वळला. त्यांच्या संघाला कुणीतरी वापरलेले सात-आठ ग्लोव्ह पाठवलेत. चामडं अजून दणकट आहे, पण वाद्या (ग्लोव्ह ओवून घट्ट धरणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या) तुटायला आल्यात. शालिमारजवळ चपला शिवायला बसणारे एक काका "आणा, बघू" म्हणाले. ग्लोव्हसोबत एक पुस्तिका आहे, इंग्रजी, स्पॅनिश आणि जपानीत. त्यातलं कामाचं तेवढं मी त्यांना मराठीत लिहून देतो म्हणालो आणि तिथेच फसलो.

इंग्रजी भाग फार त्रोटक आहे, म्हणून स्पॅनिश पानं मोबाईलच्या अॅपला दाखवली. कॅचरच्या (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) ग्लोव्हबद्दल उत्तर आलं, "पाळीव प्राण्याला कोरड्या जागी ठेवा." मूळ शब्द 'मॅस्कोटा'. 'कुर्तीदो' या शब्दाचं झालं लोणचं. 'वेट ब्लू'चं 'ओला निळा'. जपानीत तर 'कावा' हा एकच उच्चार दोन वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिलाय आणि अॅपने दोन्हीकडे 'त्वचा' ठोकून दिलंय.

'हील' म्हणजे टाच असं मी सरळ लिहिलं. काका म्हणाले, "हातात घालायच्या वस्तूला टाच कुठली?" बरोबरच आहे त्यांचं.

शब्दकोशातले 'चर्मसंस्करण' वगैरे शब्द नकोत. रापी (चामडं कापायचं पातं), आर (भोकं पाडायची टोची), वादी हे शब्द ज्याच्या तोंडात आहेत त्याला कळेल असं हवंय. 'पॉकेट' (चेंडू बसतो तो खोलगा), 'वेब' (अंगठा आणि बोटांमधला ओवलेला भाग), 'ब्रेक-इन' यांनाही काय म्हणू? आणि 'रॉहाइड' वादी म्हणजे कच्च्या कातड्याची समजायची का? काका म्हणतात, तसली वादी पावसात सैल पडेल.

पंचगंगा
आमच्याकडे कोल्हापुरात कातडं आणि चामडं हे वेगळंच. जनावराचं निघतं ते कातडं, कमावल्यावर चामडं. जपानीत तुझी दोन अक्षरं दिसतात ती हीच दोन असणार. 'कुर्तीदो' म्हणजे कमावलेलं. चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, म्हणून ते कडक राहतं. क्रोममध्ये कमावलेलं मऊ पडतं. क्रोमचं मीठ मुरलं की कातडं निळसर होतं, तेच तुझं 'ओला निळा'. कारखान्यातही वेट ब्लूच म्हणतात, भाषांतराच्या फंदात पडू नकोस.
ब्रेक-इनला 'रुळवणे'. नवी कोल्हापुरी चावते, तेल पाजून, घालून घालून पायाला रुळते. काकांना दुसरं काही सांगावं लागणार नाही. फक्त तेल बेताने, ग्लोव्ह जड होतो म्हणतात.

परदेशी_पाखरू
मॅस्कोटावर खूप हसले. 😄 एरवी स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ पाळीव प्राणीच, पण बेसबॉलमध्ये कॅचरचा मिट. पहिल्या बेसवर उभ्या राहणाऱ्या खेळाडूच्या मिटला 'मॅस्कोतीन' म्हणतात. मिटला सुटी बोटं नसतात, आणि नियमाने मिट वापरायची मुभा या दोघांनाच. बाकी सगळ्यांना पाच बोटांचा ग्लोव्ह. त्यामुळे काकांना दोन्ही प्रकार आधीच वेगळे करून द्या, वाद्यांची ओवणी सारखी नसते.
आणि हो, त्या ढिगात सॉफ्टबॉलचे ग्लोव्हही मिसळलेले नाहीत ना, ते बघा. सॉफ्टबॉलचा घेर 12 इंच, बेसबॉलचा 9 ते 9¼. खोलगा त्या मापाचा असतो.

ढोलवाला_पंचवटी
वादीचं मी सांगतो. कच्चं कातडं बघायचं तर ढोलाचं पान बघा (आता प्लास्टिकची आलीत, ते सोडा). पावसात पान उतरतं, आवाज बसतो, मग ऊब देऊन चढवावं लागतं. काकांची शंका रास्त आहे. पण ग्लोव्हच्या वादीला तिकडे सवयीने रॉहाइड म्हणतात, असते ती कमावलेलीच. तबल्याची वादी मात्र आणू नका, ती खरंच कच्ची असते.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. आज काकांकडे जाऊन आलो. 'वेब'ला त्यांनी पाहताक्षणी 'जाळी' म्हटलं, पॉकेटला 'वाटी'. टाचेच्या जागी आता 'मनगटाकडची गादी' लिहिलंय. मॅस्कोटा हातात घालून, त्यावर दोन गुद्दे मारून म्हणाले, "ही तर सगळीच गादी आहे." म्हणून मिट झाला 'गादीचा ग्लोव्ह'. भाच्याला अजिबात आवडलेलं नाही.

पुस्तिकेत वादी 3/16 इंच रुंद सांगितलीय, म्हणजे जेमतेम पाच मिलिमीटर. तेवढी एकसारखी पट्टी रापीने कापताना तिसऱ्या फुटावर हात हलतो, असं काकाच म्हणाले. नाशिकमध्ये कमावलेल्या चामड्याची तयार, मापाची वादी कुठे मिळेल? भद्रकालीत दोन दुकानं पालथी घातली, दोन्हीकडे बुटाच्या लेसच पुढे केल्या.