ठोके अनियमित आहेत, अ‍ॅसिट्रॉम चालू आहे आणि दाढ काढायची आहे. गोळी बंद करायची का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, आईसाठी विचारतेय. वय ६९, कराडला असते. तिला काही वर्षांपासून एट्रियल फिब्रिलेशन आहे म्हणजे ठोके कायम अनियमितच असतात, ठोके आटोक्यात ठेवायला मेटोप्रोलॉल आणि रक्त पातळ ठेवायला अ‍ॅसिट्रॉम चालू आहे, बीपीची एक गोळी आहे, झडपा चांगल्या आहेत असं इकोत आलंय. आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी, आकडा जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) दर महिन्याला करतो, ती स्वतः डायरीत लिहून ठेवते, मागच्या वेळी २.६ होता.

आता खालची उजवीकडची दाढ पार किडलीय, वरचं सगळं तुटून जवळजवळ नुसती मुळंच राहिलीत, रात्री ठणका लागला की लवंग धरून बसते आणि भाकरी दुधात कुस्करून डाव्या बाजूने खाते. डेंटिस्ट म्हणाले रूट कॅनल होण्यासारखं काही उरलेलं नाही, काढावीच लागेल, पण आधी रक्त पातळ करायची गोळी ५ दिवस बंद करा. फॅमिली डॉक्टर म्हणाले ३ दिवस पुरे. कार्डिओलॉजिस्ट पुण्याला आहेत आणि त्यांची वेळ पुढच्या महिन्यात मिळतेय. आई तर गोळी एक दिवसही सोडायला तयार नाही कारण तिच्या मोठ्या बहिणीला ह्याच आजारात लकवा झाला, ते तिने डोळ्यांनी बघितलंय.

तर गोळी खरंच बंद करावी लागते का? भुलेच्या इंजेक्शनने ठोके वाढतात असं ऐकलंय ते कितपत खरं? आणि आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं का, कारण शेजारच्या काकांना दिलं होतं, त्यांची झडप बदललेली आहे. कोणी ह्यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

निवांत_नाशिक

ताई, मलाही हाच आजार आहे, फक्त माझी गोळी वेगळी, अपिक्साबॅन, सकाळ-संध्याकाळ. मागच्या वर्षी वरची एक दाढ काढली. माझ्या डेंटिस्टने आधी कार्डिओला चिठ्ठी लिहिली, त्यात कुठली दाढ, किती दात काढणार, टाके घालणार की नाही सगळं लिहिलं होतं. उत्तर आलं की गोळी बंद करायची नाही, सकाळचा डोस तेवढा दाढ काढल्यावर रक्त थांबलं की घ्या. रक्त आलं, नाही असं नाही, नेहमीपेक्षा जास्त वेळ थुंकी लालसर येत राहिली, पण बोळा घट्ट चावून बसलो आणि थांबलं. रात्री उशीवर जुना टॉवेल टाकून झोपलो, सकाळी त्यावर थोडे डाग होते, बस.

एकच सांगतो, कार्डिओची वेळ मिळत नसेल तर त्यांच्या असिस्टंटला फोन करा, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि डेंटिस्टनाच त्यांच्याशी बोलायला सांगा. आपण मध्ये निरोप्या झालो की अर्धं इकडचं अर्धं तिकडचं होतं. तुमच्याकडे ५ दिवस आणि ३ दिवस हे दोन आकडे असेच आलेत.

दंतवैद्य_विदर्भ

मी डेंटिस्ट आहे, बरीच वर्षं प्रॅक्टिस आहे. तुमच्या आईंचं तोंड आणि एक्स-रे मी बघितलेला नाही त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा, पण विषय महत्त्वाचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

पूर्वी आम्हाला शिकवायचे की गोळी बंद करा मगच हात लावा. आता तसं नाही. ह्या आजारात हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो, त्याच्या डाव्या बाजूला एक छोटी पिशवीसारखी जागा असते तिथे रक्त साचतं आणि गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की लकवा. अ‍ॅसिट्रॉम ते होऊ नये म्हणून असते. तुम्ही ती बंद केली की दोन-तीन दिवसांत असर उतरतो आणि परत चालू केल्यावर आयएनआर २ च्या वर यायला पुन्हा काही दिवस लागतात, म्हणजे ५ दिवस बंद म्हटलं तरी आई त्याहून बरेच जास्त दिवस उघड्यावर राहणार. हिरडीतून आलेलं रक्त मला दिसतं, मी त्यावर बोट ठेवून दाबू शकतो. मेंदूतल्या गुठळीवर कुणाला बोट ठेवता येत नाही. त्यामुळे तुमच्या आई अडून बसल्यात ते मला पूर्ण पटतं.

एक-दोन दाढा साध्या पद्धतीने काढायच्या असतील तर आयएनआर बघून, गोळी चालू ठेवूनच काढतात. मी स्वतः ३.५ पर्यंत काढतो, त्याच्या वर असेल तर फिजिशियनशी बोलून थांबतो. महत्त्वाचं म्हणजे आयएनआर ताजा पाहिजे. मागच्या महिन्याचा २.६ मला उपयोगाचा नाही, काढायच्या आदल्या दिवशीचा किंवा त्याच सकाळचा हवा. मधे ताप आला, जेवण कमी झालं, कुठलं अँटिबायोटिक घेतलं तर हा आकडा झपकन वर जातो, आणि दाढ दुखतेय म्हणून आई नीट जेवत नसतील तर तेही लक्षात घ्या.

रक्त थांबवायला आमच्याकडे साधनं आहेत. खळग्यात जिलेटिनचा स्पंज भरतो, वरून टाके घालतो, ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडच्या इंजेक्शनमध्ये भिजवलेला बोळा चावायला देतो आणि पेशंटला लगेच घरी न पाठवता बसवून ठेवतो. वेळ सकाळची घ्या आणि सोमवार-मंगळवार घ्या, म्हणजे संध्याकाळी रक्त परत सुरू झालं तर दवाखाना उघडा असतो. शनिवारी संध्याकाळी असल्या पेशंटची दाढ मी काढत नाही. तुमच्या डेंटिस्टना हे सगळं करायची तयारी नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, सरळ हॉस्पिटलला जोडलेल्या ओरल सर्जनकडे किंवा सरकारी डेंटल कॉलेजला न्या. मुळं तुटलेली असली की कधीकधी हाड थोडं कापावं लागतं, तेव्हा गोष्ट साधी राहत नाही, म्हणून एक्स-रे आधी दाखवा.

अँटिबायोटिकचं: झडप बदललेली असेल, पूर्वी हृदयाला इन्फेक्शन होऊन गेलं असेल किंवा जन्मतः काही ठरावीक दोष असतील तर आधी अमॉक्सिसिलिन २ ग्रॅमचा एक डोस अर्धा ते एक तास आधी देतात. शेजारच्या काकांना त्यामुळे दिलं असणार. नुसते ठोके अनियमित आहेत म्हणून किंवा पेसमेकर आहे म्हणून द्यायची गरज नसते. सूज किंवा पू असेल तर तो वेगळा विषय.

मोगरा७२

इंजेक्शनबद्दल मी लिहिते कारण मला एसव्हीटी आहे, अचानक ठोके १८० च्या आसपास जातात. एकदा रूट कॅनलच्या वेळी भूल दिल्यावर लगेच छातीत धडधड सुरू झाली, हात थरथरायला लागले, मला वाटलं झालं आता. डॉक्टरांनी खुर्ची सरळ केली, थांबले, नाडी धरून बसले आणि थोड्या वेळात आपोआप उतरलं. नंतर समजलं की भुलेच्या औषधात अ‍ॅड्रेनालिन असतं, रक्तवाहिन्या आकसाव्यात म्हणून घालतात, त्यामुळे भूलही जास्त वेळ टिकते आणि रक्तही कमी येतं.

तेव्हापासून मी कुठल्याही डेंटिस्टकडे गेले की खुर्चीत बसायच्या आधी सांगते, फॉर्मवर लिहून भागत नाही कारण फॉर्म रिसेप्शनवरच राहतो. आता कमी अ‍ॅड्रेनालिनवालं देतात, हळूहळू देतात, मला काही होत नाही. आणि एक, उपाशी जाऊ नका. गोळ्या घेतल्या, नाष्टा केला, मग गेले असं करा. आईंची मेटोप्रोलॉल त्या दिवशी अजिबात चुकवू नका, घाबरल्याने ठोके जास्त वाढतात.

दंतवैद्य_विदर्भ

मोगराताईंनी बरोबर लिहिलंय. थोडी भर घालतो. आपल्याकडे लिग्नोकेन ह्या भुलेच्या औषधात अ‍ॅड्रेनालिन साधारण १:८०,००० किंवा १:२,००,००० असतं. हृदयाच्या पेशंटला एकूण ०.०४ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं धरतात, म्हणजे १:२,००,००० वालं ८ मिली झालं, एका दाढेला त्याच्या निम्मंही लागत नाही. सुई आत गेल्यावर आधी मागे ओढून बघायचं की रक्तवाहिनीत तर नाही ना, आणि मग सावकाश सोडायचं, एवढं पाळलं तर बहुतेकांना काही होत नाही. अ‍ॅड्रेनालिन अजिबात नको म्हणून साधी भूल दिली आणि ती अर्ध्यातच उतरली तर दुखण्याने शरीर स्वतःच त्याहून जास्त अ‍ॅड्रेनालिन सोडतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. मेटोप्रोलॉलसारखीच प्रोप्रानोलॉल ही गोळी चालू असेल तर मात्र जास्त जपावं लागतं, बीपी एकदम चढू शकतं. मेटोप्रोलॉलला तेवढी भीती नाही.

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये असतो, बाबा इकडे राहायला आलेले तेव्हा त्यांची दाढ इथेच काढली, वॉरफॅरिन ही रक्त पातळ करायची गोळी चालू असताना. इथले डेंटिस्ट स्कॉटलंडच्या एसडीसीईपी ह्या संस्थेचं मार्गदर्शन पाळतात, ते २०१५ मध्ये आलं आणि २०२२ मध्ये सुधारलं. त्यात वॉरफॅरिन, अ‍ॅसिट्रॉम ह्या जातीच्या गोळ्यांना आयएनआर ४ च्या खाली असेल तर गोळी न थांबवता काम करा असंच आहे, आयएनआर शक्यतो २४ तासांच्या आतला, आकडा नेहमी स्थिर राहत असेल तर ७२ तासांपर्यंतचा चालतो. अपिक्साबॅन आणि डाबिगाट्रान ह्या रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्यांना साध्या कामासाठी काही बदल नाही, मोठं काम असेल तर फक्त सकाळचा डोस सोडायचा, रिव्हारोक्साबॅन सकाळी घेत असाल तर तो डोस उशिरा. कुठेही ५ दिवस बंद वगैरे नाही. तुमच्या डेंटिस्टशी बोलताना हे सांगून बघा, ऐकणारा माणूस असेल तर ऐकेल.

निवांत_नाशिक

अजून एक राहिलं, पेनकिलर! दाढ काढल्यावर आपल्याकडे सर्रास कॉम्बिफ्लाम, झेरोडॉल, केटोरॉल असलं काहीतरी हातात देतात. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर हे चालत नाही, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मला साधी पॅरासिटामॉल दिली होती आणि ती पुरली. मेडिकलवाल्याकडून स्वतःहून काही आणू नका, तो विचारत नाही तुम्ही काय घेता ते. आत्ता ठणक्यावर आई काय घेतायत ते पण एकदा बघा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे खूप खूप आभार, आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. निवांत दादा, तुमचा शेवटचा मेसेज वाचून तिला डबा उघडायला लावला तर त्यात डायक्लोफेनॅकची अर्धी पट्टी निघाली, मामाने आणून दिलेली. लगेच बंद केली. पुण्याच्या डॉक्टरांच्या असिस्टंटला रिपोर्ट पाठवलेत, त्यांनी गोळी चालू ठेवा आणि आदल्या दिवशी आयएनआर करा असं सांगितलंय, डेंटिस्टशी पण त्यांचं बोलणं झालं. पण आमचे डेंटिस्ट म्हणाले मुळं वाकडी आहेत, मी सर्जनकडे पाठवतो. मला तेच बरं वाटलं, त्यांनी उगाच हट्ट केला नाही.

मोगरा७२

चांगलं झालं. घरी आल्यावर पहिला दिवस गरम चहा नको, चूळ भरायची नाही, थुंकत बसायचं नाही, नाहीतर धरलेली गुठळी निघून येते. गार ताक, मऊ भात, कोमट वरण चालतं. मिश्री लावत असतील तर ती आठवडाभर तरी बंदच. आणि रक्त यायला लागलं तर स्वच्छ कापड किंवा गॉझ ओला करून खळग्यावर ठेवून घट्ट चावायचं, मध्ये मध्ये काढून बघायचं नाही. तरी थांबत नसेल, तोंड भरून येत असेल तर फोनाफोनी न करता सरळ दवाखाना.

कृष्णाकाठ

अपडेट देते. झालं! आयएनआर २.८ आला, सर्जननी मंगळवारी सकाळी काढली, तीन टाके. आई खुर्चीत माझा हात घट्ट धरून होती, बोटात नाडी बघायचं मशीन लावलं होतं, त्यावर ठोके वर-खाली होत होते पण सर्जन म्हणाले त्यांचे तर असेच असतात, आम्ही आकडा फार वाढतोय का तेवढंच बघतोय. अ‍ॅसिट्रॉम त्याच रात्री नेहमीच्या वेळी घेतली. संध्याकाळी थोडं रक्त आलं, ओला गॉझ चावून बसली तर थांबलं. हिरडीत पू होता म्हणून अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल दिलंय ५ दिवस. ह्याचं काही असतं का?

दंतवैद्य_विदर्भ

असतं, बरं झालं विचारलंत. मेट्रोनिडाझोलने अ‍ॅसिट्रॉमचा असर वाढतो, अमॉक्सिसिलिननेही काहींचा आयएनआर वर जातो. आजच सर्जनना फोन करून सांगा की अ‍ॅसिट्रॉम चालू आहे, मेट्रोनिडाझोल लागणारच आहे का विचारा, नुसत्या अमॉक्सिसिलिनवर भागत असेल तर ते बदलून देतील. तेच ठेवायचं म्हणाले तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आयएनआर करा आणि कोर्स संपल्यावर परत एकदा करा, डोस कमी-जास्त करायचा तो कार्डिओला विचारून, स्वतः नाही. लघवी लाल, शौच काळी, अंगावर न लागता निळे डाग असं काही दिसलं तर थांबू नका. आणि पुढे कधी तोंड आलं, जीभ पांढरी झाली म्हणून कोणी मायकोनाझोलचं जेल लावायला दिलं तर नको म्हणा, ते तोंडात लावूनही आयएनआर खूप वाढतो. डायरीच्या पहिल्या पानावर तेवढं लिहून ठेवायला सांगा आईंना.