रात्री हात बधिर होतो: कारण पोळ्या लाटणे की थायरॉईड?

प्रश्न
माझी आई पंचावन्न वर्षांची असून पोळी-भाजी केंद्र चालवते. कणीक मळण्यापासून पोळ्या लाटण्यापर्यंत बहुतेक काम ती स्वतःच करते. अलीकडे उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन तिला रात्री जाग येते आणि हात झटकल्यावर थोडे बरे वाटते. डॉक्टरांनी कार्पल टनेल सिंड्रोमची (मनगटातील नस दबण्याच्या विकाराची) शक्यता सांगून रक्तातील साखर व थायरॉईड तपासण्यास सांगितले आहे. दुखणे मनगटाचे असताना रक्त कशासाठी तपासायचे? आणि हे कामामुळेच झाले असेल, तर तिने केंद्र बंद करावे का?

उत्तर १
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. मनगटाची हाडे आणि त्यांवरचा जाड अस्थिबंध यांच्यामधल्या अरुंद बोगद्यातून बोटे मिटवणारे नऊ स्नायुबंध आणि मीडियन नर्व्ह ही अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला संवेदना पुरवणारी नस जाते. ही जागा मोठी होऊ शकत नाही, त्यामुळे आत जराशी सूज आली तरी दाब त्या नसेवरच येतो. थायरॉईडचे कार्य मंदावले की ऊतींना सूज येते, संधिवातात स्नायुबंधांची आवरणे सुजतात आणि मधुमेहात नस आधीच नाजूक झालेली असते. म्हणूनच रक्त तपासायला सांगितले आहे. गरोदरपणात अंगात पाणी साठल्यानेही हा त्रास होतो आणि बाळंतपणानंतर तो बहुधा ओसरतो. स्त्रियांमध्ये या विकाराचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त आहे. वाढते वय आणि स्थूलता यांमुळेही धोका वाढतो.

उत्तर २
वरील उत्तर योग्य आहे, परंतु त्यामुळे कामाचा वाटा दुर्लक्षित होऊ नये, असे मला कळकळीने वाटते. संगणकाच्या कीबोर्डची चर्चा फार होते, पण त्याबाबतचा पुरावा संमिश्र आहे. जोर लावून आणि मनगट वाकवून तीच हालचाल पुन्हा पुन्हा करणे, तसेच ड्रिलसारखी कंप पावणारी अवजारे वापरणे, हे धोके अधिक ठोस आहेत. घट्ट कणीक मळताना तळहाताच्या मुळावर सगळा भार येतो आणि मनगट मागे वळलेले राहते. केंद्र बंद करण्याची घाई नको. कणीक मळण्याचे यंत्र घ्यावे, लाटण्याचे काम वाटून घ्यावे.

प्रश्नकर्ती
आपल्या दोघांचे आभार. आईची करंगळी बधिर होत नाही. काही वर्षांपूर्वी पडल्यामुळे याच मनगटाला प्लास्टर घातले होते, हे डॉक्टरांना सांगायचे राहून गेले.

उत्तर १
ते अवश्य सांगा, कारण हाड वेडेवाकडे जुळले असेल तर बोगदा अरुंद होतो. करंगळीला मीडियन नर्व्ह संवेदना पुरवत नाही, त्यामुळे तिचे सुटणे या निदानाशी जुळते. तरी मानेतली नस दबल्यानेही बोटे बधिर होऊ शकतात, म्हणून मान दुखते का, हेही पाहावे लागेल. तपासण्या होईपर्यंत रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा वापरता येईल. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा दुसऱ्या हाताच्या तुलनेत सपाट दिसू लागला किंवा हातातून वस्तू निसटू लागल्या, तर मात्र नर्व्ह कंडक्शन चाचणी (नसेतून संदेश नीट जातो का, हे पाहणारी तपासणी) लांबवू नका.