मांजराचं पिल्लू आणावं का? दोघंही दिवसभर बाहेर असतो

सांजवात:
ओळखीत मांजरीला चार पिल्लं झाली आहेत, त्यातलं एक आम्हाला देताहेत. दीड महिन्याची आहेत, खायला लागली आहेत, आत्ताच घेऊन जा म्हणतात. घर तिसऱ्या मजल्यावर, गॅलरी उघडी. दोघंही नोकरीला, त्यामुळे रोज आठ-नऊ तास घर बंद. मुलगी सात वर्षांची. मांजर आधी कधी पाळलेलं नाही. महिन्याभरात परत द्यायची वेळ आली तर त्या जिवाचे हाल होतील, म्हणून आधीच विचारते. काय काय बघून ठरवावं?

मऊपंजा:
दीड महिन्याचं पिल्लू आत्ता आणू नका. खायला लागलं म्हणजे आईपासून तोडायला हरकत नाही, हा समज फार पसरलेला आहे. कमीत कमी आठ आठवडे, थांबता आलं तर दहा ते बारा. भावंडाला जोरात चावलं की ते किंचाळतं आणि खेळ मोडतो, आई पंजा मारते. दात किती लावायचे हे पिल्लू त्यातूनच शिकतं. ते शिकायच्या आत आणलं तर तुमच्या हातांवर आणि मुलीच्या पायांवर शिकतं.

वय सांगोवांगी धरू नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर खोलगट भांडं ठेवून त्यात पिल्लू बसवा. ढोबळ हिशेब महिन्याला ४५० ग्रॅमचा: दीड महिन्याला ६५०-७००, दोन महिन्यांना ८५०-९०० ग्रॅम. दोन महिन्यांचं म्हणून सांगितलेलं पिल्लू ५०० ग्रॅम भरलं तर एक तर वय कमी आहे, नाही तर पोटात जंत आहेत.

आणि हे पुढचे काही आठवडे वाया घालवू नका. दोन ते सात आठवड्यांच्या वयात माणसाचा हात लागलेली पिल्लं पुढे माणसाळलेली राहतात. तुम्ही आणि मुलगी तिथेच जाऊन अर्धा-अर्धा तास बसत जा.

शेपूटवाली:
मऊपंजा यांच्याशी सहमत, पण माझ्या मते इथे खरा प्रश्न नऊ तासांचा आहे. एकटं पिल्लू दिवसभर बंद घरात झोपून काढतं आणि तुम्ही आलात की सगळी शक्ती तुमच्यावर काढतं. मांजर मुळात पहाटे आणि संध्याकाळी शिकार करणारा प्राणी आहे, त्यामुळे पहाटे चारला पांघरुणातल्या पायांवर झडप ठरलेली. यात पिल्लाचा दोष नाही, त्याला मस्ती करायला कुणी नाही.

म्हणून एक तर त्याच चारांतली दोन आणा, नाही तर पिल्लू नकोच, दोन-तीन वर्षांची मोठी मांजर आणा. दोन आणली तर लसी, नसबंदी, खाणं यांचा खर्च दुप्पट होतो, पण तुमचा वेळ जवळपास तेवढाच लागतो. मोठ्या मांजरीचा स्वभाव आधीच कळलेला असतो आणि तिला दोनदा खायला दिलं की भागतं. पिल्लाला चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा लागतं. कोरडं खाणं दिवसभर ठेवता येतं, ओलं मात्र ठेवू नका, खराब होतं.

कुठलंही आणलंत तरी पंधरा वर्षं धरून चाला. मुलगी तेव्हा बावीस वर्षांची असेल.

जंतनाशक:
हो म्हणायच्या आधी पिल्लू उजेडात मांडीवर घेऊन बघा. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ असेल तर बहुतेक कानातले किडे. केसांत काळे कण दिसले तर ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. अशा वेळी हिरड्या बघाच. गुलाबीऐवजी पांढुरक्या असतील तर पिसवांनी रक्त ओढलेलं असतं, लहान पिल्लू त्याने दगावतं, त्याच दिवशी डॉक्टर. अंग बारीक आणि पोट नगाऱ्यासारखं तर जंत. गोल टक्कल पडलेले चट्टे म्हणजे बुरशी असू शकते, ती मुलीलाही लागते.

कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असलं तर मांजराला झटके येतात. पॅरासिटामॉल तर मांजराच्या जिवावर उठतं. ताप वाटला म्हणून घरातली गोळी देऊ नका.

जंताचं औषध आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, वजनाप्रमाणे. तिहेरी लस (मांजरांच्या तीन विषाणूजन्य आजारांवरची एकच लस) सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटचा डोस सोळा आठवड्यांनंतर. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती आधीचे डोस निकामी करू शकते, म्हणून शेवटचा चुकवू नका. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर.

सांजवात:
इतकं नेमकं लिहिल्याबद्दल मनापासून आभार. गॅलरीला डासांची जाळी आहे, ती पुरेल का? आणि लिटर, म्हणजे शी-शूच्या ट्रेमध्ये टाकायची वाळू, कुठलं घ्यायचं?

शेपूटवाली:
नाही पुरणार. डासांची जाळी नखांनी फाटते आणि अंगाच्या जोराने चौकटीतून निघते. तारेची जाळी लावा, चारही कडा स्क्रूने पक्क्या. भोक किती चालेल? पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून अख्खं अंग जातं, हे धरून बारीक भोकाची घ्या. जाळी आधी, पिल्लू नंतर. दोरे, लोकर, केसांचे रबर उचलून ठेवा. गिळलेला दोरा आतड्याला चुण्या पाडत कापत जातो. लिलीची फुलं घरात नकोत, नुसता पराग अंगावरून चाटला तरी मूत्रपिंडं जातात.

लिटर ओलं झाल्यावर गोळा न होणारं घ्या, कारण लहान पिल्लं ते चाखतात आणि गोळा होणारं पोटात फुगतं. ट्रेची कड चार बोटांहून उंच नको. दोन पिल्लांना तीन ट्रे, खाण्यापासून लांब.

जंतनाशक:
भाऊ-बहीण आणलीत तर नसबंदीची तारीख पहिल्या लसीच्या दिवशीच ठरवा. मांजरी चार महिन्यांतही माजावर येऊ शकते, आणि सख्खा भाऊ आहे हे तिला किंवा त्याला अडवत नाही. दोघांचीही चार ते पाच महिन्यांच्या आत उरका.