संक्रांतीचं वाण: हेम्पची पिशवी द्यावी की खताच्या टाक्या चालू कराव्यात?

मुक्ता, घोडबंदर रोड

आमच्या सोसायटीत ८४ घरं. दिवाळी फराळाच्या स्टॉलमधून महिला मंडळाकडे ४२ हजार रुपये जमले आणि ते पर्यावरणाच्याच कामाला लावायचे, इथवर सगळ्यांचं एकमत आहे. पुढे मात्र दोन तट पडलेत. मी सुचवलं की यंदा हळदीकुंकवाला घरटी एक हेम्पच्या कापडाची पिशवी वाण म्हणून द्यावी. एक पिशवी पाचशेला पडते, हिशेब बरोबर जमतो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पोडियमच्या मागे खताच्या चार टाक्या दोन पावसाळे बंद पडून आहेत, आधी त्या चालू करा.

माझी बाजू सांगते. हेम्प हे भांगेच्याच जातीचं झाड, पण नशा आणणारं टीएचसी ज्यात नावापुरतंच असतं अशा वाणांचं. त्याच्या सालीचा धागा लांब आणि चिवट. कापसापेक्षा पाणी कमी लागतं. बियांचं तेल निघतं, पीठ होतं. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हेम्पचं बी, तेल आणि पीठ खाण्यासाठी मान्य केलं. काड्यांच्या गाभ्याचे तुकडे चुन्यात कालवून भिंती उभारतात. आणि आपल्या मातीला हे झाड परकं नाही. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले सापडले, त्यावरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यामुळे ओल धरून राहत नाही, किडे लागत नाहीत, म्हणून तो गिलावा इतकी शतकं टिकला, असं संशोधकांचं म्हणणं. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नव्हती आणि तिथल्या चित्रांचं किड्यांनी बरंच नुकसान केलं.

उत्तराखंडने २०१८ पासून हेम्पच्या लागवडीला परवाने दिले. आपल्या शेतकऱ्याला ही वाट का मिळू नये? गिऱ्हाईक दिसल्याशिवाय सरकारदरबारी कोणी हलत नाही. ८४ घरांत पिशवी गेली की ८४ घरांत विषय निघेल. मला वाण त्यासाठी हवंय.

नौपाडाकर

ताई, कळकळ पोचली, तरी मी विरोधात आहे. तुमच्या कुठल्याही घरात जा, दारामागच्या खुंटीला कापडी पिशव्यांचा गठ्ठा असतो. लग्नात मिळालेल्या, साड्यांच्या दुकानातल्या, मागच्या संक्रांतीच्या. त्यांवर आणखी एक. ती कुठल्या धाग्याची आहे याला मग काय महत्त्व उरतं?

ओल्या कचऱ्याला मात्र महत्त्व आहे. घरातून निघणाऱ्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त तोच असतो. डंपिंगवर ढिगाखाली दबला की त्याला हवा मिळत नाही आणि त्यातून मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरतो. तीच भाजीची देठं हवेशीर टाकीत कुजली तर हा प्रकार जवळजवळ होतच नाही. ८४ घरांचा रोजचा ४०-५० किलो ओला कचरा धरा आणि तो ट्रकवर चढायचा थांबला तर काय होईल याचा विचार करा.

दिवा पूर्व

मी दिव्यात राहते. इथलं डंपिंग २०२३ मध्ये बंद झालं. त्याआधी कितीतरी वर्षं ठाण्याचा कचरा इथे येऊन पडायचा. उन्हाळ्यात आग लागायची ती दिवसेंदिवस धुमसत राहायची. आम्ही खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबून झोपायचो. सकाळी मुलाच्या शाळेच्या शर्टाला धुराचा वास यायचा म्हणून मी तो दोरीवर न वाळवता घरात पंख्याखाली वाळवायचे.

डंपिंग बंद झालं म्हणून कचरा नाहीसा झाला नाही. तो भंडार्लीला गेला आणि तिथल्या गावकऱ्यांनीही विरोध केला. तुमच्या टाक्यांना दोन पावसाळे कुलूप आहे म्हणता, मुक्ताताई. त्या दोन पावसाळ्यांतला तुमचा कचरा कोणाच्या तरी दारात जाऊन पडलाय, एवढं ध्यानात ठेवा.

परभणीकर, सध्या ऐरोली

खताच्या बाजूचे लोक बोललेत, मी धाग्याबद्दल बोलतो.

हेम्प म्हणून मिरवावीत अशी दोन झाडं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या होती, अंबाडी आणि ताग. इंग्रजीत अंबाडीला डेक्कन हेम्प म्हणतात आणि तागाला सन हेम्प. भांगेशी दोन्हींचं नातं नाही. अंबाडी भेंडीच्या कुळातली, ताग कडधान्यांच्या. आमच्या शेतात तुरीच्या कडेने अंबाडीच्या ओळी असायच्या. कोवळी होती तोवर ज्वारीच्या कण्या घालून भाजी, वरून लसणाची फोडणी. पुढे झाड उंच वाढून जून झालं की कापायचं, पेंढ्या बांधायच्या आणि ओढ्यात दगडाखाली दाबून सडत घालायच्या. पंधरा-वीस दिवसांनी साल सुटायची. आजोबा गुडघाभर पाण्यात उभे राहून वाख, म्हणजे सालीचा धागा, सोलायचे. त्या पाण्याला असा वास सुटायचा की आम्ही पोरं नाक धरून काठावर थांबायचो, आणि धुऊन वाळवलेला वाख मात्र पांढरा, केसांसारखा. रात्री ओसरीवर बसून ते मांडीवर पीळ देत कासरे वळायचे. पोळ्याला बैलांची नवी वेसण त्याच वाखाची. नायलॉनची दोरी बाजारात आली आणि आमच्या डोळ्यांदेखत हे सगळं आटपलं.

आता हेम्पचं बघा. परवाना काढा, तपासणी करून घ्या, टीएचसी ०.३ टक्क्यांच्या वर निघालं तर उभं पीक नष्ट करा. आपल्याकडच्या बहुतेक देशी वाणांत ते प्रमाण जास्तच असतं, म्हणजे बी पण बाहेरून आणा. दोन एकरवाला हा जुगार खेळणार नाही आणि त्याने खेळूही नये. अंबाडी पेरायला कोणाची परवानगी लागत नाही. शेतकऱ्याची काळजी आहे ना? मग अंबाडीच्या वाखाची वस्तू मागा.

नववीतल्या मुलाची आई, मानपाडा

एका प्रदर्शनात मी हेम्पची पिशवी हातात घेतली होती. तिच्यावर गांज्याचं पान एवढं मोठं छापलेलं. हळदीकुंकवात ते मला घ्यायचं नाही आणि घरात टांगायचंही नाही. मुलाने विचारलं तर धागा आणि नशा यातला फरक मी समजावेन, पण पान छापणाऱ्याला तो फरक समजवायचा नाहीये, त्याला त्या पानाचीच जाहिरात करायचीय.

मुक्ता, घोडबंदर रोड

मानपाड्याच्या ताई, ते पान मलाही नको. आम्ही कोऱ्या पिशव्या बघितल्यात. कायद्याचं एक सांगून ठेवते, कारण आमच्या मीटिंगमध्येही हा प्रश्न आला. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बी आणि पानं त्या व्याख्येतून वगळलीत. त्याच कायद्याच्या १४ व्या कलमात धागा आणि बी यांसाठी सरकार लागवडीची परवानगी देऊ शकतं, अशी तरतूद आहे. पिशवी बाळगण्यात बेकायदा काही नाही.

परभणीकर दादा, ओढ्याचं वाचून मी थांबले आणि पुन्हा वाचलं. पण अंबाडीला परवाना लागत नव्हता, तरी ती का संपली? गिऱ्हाईक गेलं म्हणून. माझं म्हणणं तर तेच आहे. आज शहरातलं गिऱ्हाईक हेम्पच्या नावाने दुकानात शिरतंय. ते आत आलं की शेजारी अंबाडीचं आणि तागाचंही मांडता येईल. आणि कमी टीएचसीचा देशी वाण निवडून काढणं हे कृषी विद्यापीठांचं काम. लागवडीची वाटच उघडली नाही तर ते काम कोण कशाला हाती घेईल?

दिव्याच्या ताईंना माझ्याकडे उत्तर नाही. फक्त टाक्या का बंद पडल्या ते सांगते, म्हणजे आम्ही आळशी आहोत असं वाटायला नको. पहिले तीन महिने सुरेख चाललं. जूनमध्ये पाऊस तिरका आत आला, टाक्यांत चिखल झाला, अळ्या वळवळत बाहेर पडल्या आणि तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरांत चिलटं. वास तर विचारू नका. कमिटीने कुलूप लावलं. ४२ हजार घालून जूनमध्ये पुन्हा तेच झालं तर पुढची दहा वर्षं कोणी खताचं नाव काढणार नाही, ही माझी भीती आहे.

नेरूळच्या काकू

मुक्ता, तुझ्या टाक्यांना पावसाने मारलं नाही गं, सुक्या पाल्याच्या टंचाईने मारलं. जूनमध्ये तुमच्याकडे पाला किती पोती होता? मला माहितीये काय उत्तर येईल ते.

ओल्या कचऱ्यात नत्र भरपूर आणि पाणी त्याहून भरपूर. कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो, तो सुक्या पाल्यातून, भुशातून, नारळाच्या भुशातून येतो. तो नसला की हवा खेळायला जागा राहत नाही, सगळं चिकटून गोळा होतं, आणि हवा नसलेल्या जागी जे कुजतं त्याला वास येतो. आपल्याकडे पर्जन्यवृक्ष आणि सोनमोहर फेब्रुवारी-मार्चमध्ये पान टाकतात. त्या दिवसांत रस्ते झाडणारे पाल्याचे ढीग लावतात, काही ठिकाणी पेटवूनही देतात. तो पाला आम्ही पोत्यांत ठासून जिन्याखाली ठेवतो. मागच्या वर्षी साठ पोती भरली आणि ऑक्टोबरपर्यंत पुरली.

रोजची रीत अशी. खाली एक वीतभर पाला. त्यावर कचरा, मोठी सालं चिरलेली. जेवढा कचरा तेवढाच मापाने पाला. आंबट ताक पाण्यात घालून शिंपायचं. दर चार दिवसांनी खालवर करायचं. ओल बघायला मूठभर घेऊन दाबायचं: बोटांमधून एखादा थेंब डोकावला तर बरोबर, धार लागली तर पाला कमी पडलाय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगात सळई खुपसून काढ, हात लावू नकोस, भाजते. थंडीत सकाळी झाकण उघडलं तर वाफ वर येते. ती वाफ दिसली की मला कुठलं यंत्र लागत नाही. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत खाली काळं, भुसभुशीत खत तयार, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास.

अळ्यांना घाबरू नका. त्या बहुतेक वेळा काळ्या सैनिक माशीच्या असतात, खरकटं झपाट्याने संपवतात, चावत नाहीत. वर पाल्याचा जाड थर ठेवला की बाहेर निघत नाहीत, आणि चिलटंही आटोक्यात राहतात. टाक्यांवर उतरतं पत्र्याचं छप्पर आणि खाली विटांवर उचललेला तळ, एवढंच बांधकाम लागेल.

एक विनंती, २४ तासांत खत देणारं यंत्र कोणी विकायला आलं तर घेऊ नका. आमच्या शेजारच्या सोसायटीने घेतलंय. ते कचरा तापवून वाळवतं आणि भुकटी करतं. भुकटी कुंडीत घालून पाणी दिलं की ती पुन्हा कुजायला लागते. झाडं पिवळी पडली, वर विजेचं बिल.

एक सेक्रेटरी, कोपरखैरणे

काकूंचा अनुभव मोठा आहे, तरी मी वेगळं बोलणार. खत करायचं ठरवतात पन्नास घरं आणि हात घालतो एक हाऊसकीपिंगचा माणूस. आमच्याकडे तो महिन्याने काम सोडून गेला, दुसराही गेला. ८४ घरांत एका घराने डायपर टाकला की अख्खा ढीग त्याने उपसायचा. हे मला पटत नाही.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी (मार्च २०२६ पर्यंत तेच लागू होते) आवारातच ओला कचरा जिरवण्याची जबाबदारी टाकली ती रोज १०० किलोवर कचरा करणाऱ्यांवर आणि ५,००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलांवर. छोट्या सोसायट्यांनी कचरा नीट वेगळा करून द्यावा आणि शहराने एका जागी, प्रशिक्षित माणसांकडून, खत करावं. नवी मुंबई २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरी आली, तुर्भ्याला शहराच्या ओल्या कचऱ्याचं खत तयार होतं. आमच्या कोपरखैरण्याचं निसर्गोद्यान जुन्या डंपिंगवरच उभं आहे, मी रोज सकाळी तिथे चालतो. शहर नीट चालवलं तर होतं हे मी पायांनी बघतोय.

नेरूळच्या काकू

माणसाचं तुम्ही बोललात ते शंभर टक्के खरं, आणि ते मी आधी लिहायला हवं होतं. आम्ही त्या कामाचे महिन्याला वेगळे अडीच हजार देतो, गमबूट आणि जाड हातमोजे सोसायटीचे, आणि ज्या मजल्याच्या बादलीत डायपर निघतो ती बादली त्याच मजल्यावर परत जाते. गुरुवारचं खालवर मी आणि आणखी दोघी करतो. याला जी सोसायटी तयार नाही तिने टाक्या चालू करू नयेत.

पण तुर्भ्यापर्यंत तो कचरा जातो ट्रकने, आणि त्यात सर्वाधिक वजन असतं पाण्याचं. कलिंगडाच्या साली डिझेल जाळून कशाला फिरवायच्या? तुमच्या वेगळ्या करून देण्याला माझा विरोध नाही. ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी सवलत मागू नये एवढंच.

नौपाडाकर

मुक्ताताईंचं संकुल ५,००० चौरस मीटरच्या वर असेल तर त्या नियमांप्रमाणे टाक्या बंद ठेवायलाच नको होत्या, वादच मिटला. ते आधी बघा.

मुक्ता, घोडबंदर रोड

बघितलं. आमचा प्लॉट ६,२०० चौरस मीटर आहे. म्हणजे टाक्या चालू करणं हे आमच्या मर्जीचं कामच नव्हतं, आणि हे कमिटीत कोणी बोललं नाही, मीही नाही.

पैसे टाक्यांनाच जातील, मी माझा प्रस्ताव मागे घेते. छप्पर, विटा, आणि काकूंनी सांगितला तो वरचा पगार एका वर्षाचा बाजूला काढून ठेवायचा. हेम्पबद्दलचं मत मात्र मी बदललेलं नाही. महाराष्ट्रात धाग्याच्या लागवडीला परवाने मिळावेत असं पत्र मी लिहिणार आहे आणि हळदीकुंकवाला सह्या मागणार आहे. परभणीकर दादा, त्यात अंबाडी आणि तागाच्या वाखाला खरेदीची सोय हवी असा परिच्छेद तुम्ही लिहून द्याल का? मला तो तुमच्यासारखा जमणार नाही.

काकू, संक्रांत जानेवारीत आणि पाला पडणार फेब्रुवारीत. मधला महिना काय घालू?

परभणीकर, सध्या ऐरोली

देतो लिहून. हेम्पच्या परिच्छेदाखाली मात्र माझी सही धरू नका.

नेरूळच्या काकू

सुताराकडून लाकडाचा भुसा आण, प्लायवुडचा नको, त्यात गोंद असतो. शहाळंवाल्याकडे वाळलेल्या शहाळ्यांच्या शेंड्या मिळतील, त्या पिंजून घे. आणि पोती आत्तापासून जमव, फेब्रुवारीत पोती मिळत नाहीत.