वेळेचे इंग्रजी शब्द आणि त्यांचे दोन-दोन अर्थ : तुमचे अनुभव लिहा

मी भाषांतराचं काम करते. गेल्या महिन्यात एक करार मराठीत आणत होते. त्यात परतफेडीच्या हप्त्यांपुढे एकच शब्द होता, 'बायवीकली'. कोश उघडला तर दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी : आठवड्यातून दोनदा, किंवा दोन आठवड्यांतून एकदा. म्हणजे वर्षाला १०४ हप्ते, नाहीतर २६. मसुदा करणाऱ्या दोघांना विचारलं. दोघांनी दोन उत्तरं दिली आणि दोघांचीही खात्री पक्की होती. शेवटी हप्त्यांच्या तारखांची यादी मागवली, ती आल्यावर 'दर दोन आठवड्यांनी एकदा' असं लिहिलं आणि ती यादी कराराला जोडायला लावली. 'बायमंथली'चंही हेच दुखणं. 'बायॲन्युअल' आणि 'बायएनियल' मात्र निदान वेगळे आहेत : पहिला वर्षातून दोनदा, दुसरा दोन वर्षांतून एकदा.

वेळेचे शब्द आपण अगदी सुरुवातीला शिकतो, म्हणून ते आपल्याला येतात असं धरून चालतो. अवघड शब्द आला की माणूस कोश उघडतो, पण 'सेकंड', 'लास्ट', 'नेक्स्ट' यांच्यासाठी कोण उघडतं? फसगत तिथेच होते, आणि मग माणूस आपल्याच इंग्रजीला बोल लावत बसतो. शब्दच दोन अर्थांचा असेल तर त्यात त्याचा काय दोष? म्हणून हा धागा. तुम्हाला असे शब्द कुठे भेटले, काय घोटाळा झाला, कसा निस्तरला, ते सविस्तर लिहा.

* * *

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझा घोटाळा मराठीतून इंग्रजीत जाताना झाला. परदेशातल्या ग्राहकाने विचारलं, काम कधी मिळेल. तो सोमवार होता. माझ्या डोक्यात 'आठ दिवसांनी' होतं, मी लिहिलं 'इन एट डेज'. आपण आठ दिवस म्हणतो तेव्हा पुढचा तोच वार धरतो, सोमवार ते सोमवार. त्याने बोटावर मोजून मंगळवार धरला आणि पुढच्या माणसाला मंगळवारनंतरची वेळ देऊन टाकली. मी सोमवारी काम पाठवलं, ते दिवसभर तसंच पडून राहिलं. या वेळी नुकसान झालं नाही, पण उलट बाजूने झालं असतं तर महागात पडलं असतं.

'फोर्टनाइट'चंही तेच. तो शब्द 'चौदा रात्री' यावरून आला आहे. आपण त्याला पंधरवडा म्हणतो आणि बोलताना 'पंधरा दिवसांनी' म्हणतो. दोन्हीकडे आठवडे दोनच, पण आकडा एकाने वेगळा. अमेरिकेतल्या सहकाऱ्यांशी बोलताना तर हा शब्द मी टाळतेच, तिकडे तो फारसा चालत नाही.

* * *

'नेक्स्ट फ्रायडे' म्हणजे हा येणारा शुक्रवार की त्याच्या पुढचा? आमच्या चमूत अजून एकमत नाही. आम्ही आता तारीखच लिहितो.

* * *

मी आईला घेऊन पहिल्यांदा विमानात बसलो होतो. उतरायच्या आधी घोषणा झाली की आपण 'मोमेन्टरिली' उतरणार आहोत. मी शाळेत शिकलेला अर्थ 'क्षणभरासाठी' असा. आईने विचारलं, काय म्हणाली ती? मी सांगितलं, थोडा वेळ उतरणार आहे, मग परत उडेल बहुतेक. आईने मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि कंबरेचा पट्टा पुन्हा चाचपून पाहिला. विमान उतरलं, लोक उठून सामान काढायला लागले तरी ती जागची हलेना. 'परत उडणार आहे ना,' म्हणाली. शेजारच्या बाईंनी समजावलं की अमेरिकी बोलीत या शब्दाचा अर्थ 'थोड्याच वेळात' असा होतो. ब्रिटिश वळणात 'क्षणभर', अमेरिकी वळणात 'क्षणभरात'. आपल्या एका 'त'एवढाच फरक.

नंतर वाचनात आलं की मध्ययुगात 'मोमेंट' हे ठरलेलं माप होतं, तासाचा चाळिसावा भाग, म्हणजे दीड मिनिट. आणि भौतिकशास्त्रात तोच शब्द बलाच्या फिरवण्याच्या परिणामाला वापरतात. तिथे वेळेचा काही संबंध नाही.

* * *

माझी नोकरीची मुलाखत हुकली होती. पत्रात होतं की बुधवारची मुलाखत दोन दिवस 'फॉरवर्ड' केली आहे. फॉरवर्ड म्हणजे पुढे. आणि मराठीत काम पुढे गेलं, पुढे ढकललं, म्हणजे लांबलं. मी सरळ शुक्रवार धरला. मुलाखत सोमवारी होऊन गेली होती. त्यांच्या लेखी फॉरवर्ड म्हणजे अलीकडे आणलेली.

कित्येक वर्षं मला वाटायचं की माझंच इंग्रजी कच्चं. मग कळलं की मानसशास्त्रज्ञ हाच प्रश्न प्रयोगात वापरतात : बुधवारची बैठक दोन दिवस फॉरवर्ड केली, आता ती कोणत्या वारी? जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांतही काही जण सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. आपण वेळेतून पुढे चाललोय असं ज्याच्या मनात असतं तो शुक्रवार म्हणतो. वेळ आपल्याकडे चालत येतेय असं ज्याला वाटतं तो सोमवार. नुकताच प्रवास करून आलेली माणसं शुक्रवार जास्त म्हणतात असंही त्यात आढळलं. हे वाचलं त्या दिवशी मनावरचा फार जुना भार उतरला.

आपल्याकडचा 'प्रीपोन' मला म्हणूनच प्रिय आहे. त्यात गोंधळाला जागाच नाही. फक्त बाहेरच्या देशातल्या बऱ्याच लोकांना तो कळत नाही.

* * *

मी परिचारिका आहे. आमच्याकडे या शब्दांनी माणसं रडतात, म्हणून जरा मोठं लिहिते.

'क्रॉनिक' हा शब्द कानावर पडला की नातेवाइकांचा चेहरा पडतो. एका गृहस्थांच्या कागदावर 'क्रॉनिक गॅस्ट्रायटिस' लिहिलं होतं. त्यांची मुलगी बाहेर बाकावर बसून कागद परत परत उघडत होती, घडी घालत होती, पुन्हा उघडत होती. मी जवळ गेले तर म्हणाली, 'शेवटचा टप्पा आहे ना?' तिला कुणीतरी सांगितलं होतं की क्रॉनिक म्हणजे फार वाईट. मी तिच्याजवळ बसले. ग्रीक भाषेत 'क्रोनॉस' म्हणजे काळ, त्यावरून क्रॉनिक, म्हणजे बरेच दिवस रेंगाळलेला आजार. जठराला आलेली जुनी सूज. तो किती गंभीर आहे ते या शब्दात नसतंच. तिने तो कागद मग पर्समध्ये ठेवला.

'ॲक्यूट'चं उलट होतं, आणि ते जास्त घातक. भूमितीत ॲक्यूट अँगल म्हणजे लघुकोन, हे आपण शाळेत पाठ केलेलं. त्यामुळे ॲक्यूट म्हणजे लहानसं काहीतरी, असं शिकलेल्या माणसांनाही वाटतं. ॲक्यूट ॲपेंडिसायटिस म्हटल्यावर 'मग उद्या दाखल केलं तर चालेल ना' असं विचारणारे भाऊ मी पाहिले आहेत. दुखण्याच्या बाबतीत ॲक्यूट म्हणजे अचानक आणि झपाट्याने आलेलं. आता मी हा शब्द एकटा सोडतच नाही, शेजारी 'अचानक उठलेलं, थांबायचं नाही' हे जोडते.

गरोदरपणाच्या आठवड्यांचंही सांगते. चाळीस आठवडे, म्हणजे २८० दिवस, हे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भ राहतो तो साधारण दोन आठवड्यांनंतर. 'सिक्स वीक्स' ऐकून हिशेब जुळत नाही म्हणून घरात नको ते प्रश्न उठलेले मी पाहिले आहेत. हे समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतात, आणि ती दिलीच पाहिजेत.

* * *

इंग्रजी शिकवते. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' हे वाक्य मी हजारदा तपासलं असेल. मुलांवर चिडून उपयोग नाही. 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून' दोन्हीकडे आपला 'पासून' एकच आहे. इंग्रजीत जिथून मोजायला लागलो त्या बिंदूला 'सिन्स' आणि जेवढं मोजलं त्या लांबीला 'फॉर'. त्यात 'सिन्स'चा दुसरा अर्थ 'ज्याअर्थी'. 'सिन्स ही लेफ्ट' म्हणजे तो गेल्यापासून की तो गेला म्हणून, हे पुढचं वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही.

पण बिंदू आणि लांबी हा भेद मराठीत नाही असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. आपण तो लिंगातून दाखवतो! 'जेवणाची वेळ झाली' म्हणताना वेळ स्त्रीलिंगी, तो घड्याळातला बिंदू. 'माझा वेळ गेला' म्हणताना वेळ पुल्लिंगी, ती लांबी. 'ती वेळ' आणि 'तो वेळ'. शिवाय 'तीन वेळा' म्हणजे मोजणी. इंग्रजी 'टाइम' हे तिन्ही अर्थ एकाच शब्दात कोंबतो. मी वर्गात आधी हे फळ्यावर लिहिते आणि मग सिन्स-फॉरकडे वळते. मुलांना पटकन उमजतं.

* * *

आमच्या शोधनिबंधाची मुदत 'फ्रायडे मिडनाइट' होती. शुक्रवार सुरू होतानाची मध्यरात्र की संपतानाची? मी संपतानाची धरली, संकेतस्थळाने सुरू होतानाची. शुक्रवारी सकाळी उघडलं तर दार बंद. वर्षभराचं काम होतं. तेव्हापासून मुदत माझ्या हातात असली की मी रात्री ११:५९ लिहितो.

* * *

जर्मन शिकताना : ब्रिटिश माणूस 'हाफ एट' म्हणाला तर साडेआठ. जर्मन 'हाल्ब आख्त', शब्दाला शब्द तोच, पण साडेसात. आपलं 'साडे' कुठल्याही बाजूने ऐकलं तरी एकच.

* * *

हौशी आकाशनिरीक्षक आहे. मिनिटांवरून लिहायलाच हवं.

दुर्बीण नवीन होती. एक अंधुक तारकागुच्छ शोधत होतो. ओळखीच्या ताऱ्यापासून तो 'चार मिनिटं' पूर्वेला असं तक्त्यावरून काढलं. कोनाचं मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, त्यामुळे चार मिनिटं म्हणजे अगदी जवळ, एकाच दृश्यात दिसायला हवा. तासभर डोळा लावून बसलो, मान आखडली, काही नाही. तक्त्यातला तो आकडा विषुवांशाचा, म्हणजे आकाशातल्या पूर्व-पश्चिम स्थानाचा होता, आणि विषुवांश तास-मिनिट-सेकंदांत मोजतात. आकाश तासाला १५ अंश सरकतं, त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळ वेळेचं एक मिनिट म्हणजे कोनाची १५ मिनिटं. माझी चार मिनिटं म्हणजे पूर्ण एक अंश, दोन पूर्णचंद्र शेजारी ठेवावेत एवढं अंतर. दुर्बीण तेवढी सरकवली आणि गुच्छ समोर आला, बारीक साखर सांडल्यासारखा.

दोन्ही 'मिनिट' एकाच घरचे आहेत. लॅटिनमध्ये 'पार्स मिनुता प्रिमा' म्हणजे पहिला बारीक भाग, त्याचं मिनिट झालं. 'पार्स मिनुता सेकुंदा' म्हणजे दुसरा बारीक भाग, त्याचं सेकंद. म्हणून तर तीच अक्षरं 'मायन्यूट' म्हटली की अर्थ 'अतिसूक्ष्म'. तो दुसरा बारीक भाग १९६७ पासून सीझियमच्या अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांनी ठरतो. नावात मात्र अजून नुसता 'दुसरा'.

आपल्या परंपरेत हा घोळ होत नाही. कोनाला अंश, कला, विकला. वेळेला घटका, पळ, विपळ. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं. दोन्हीकडे साठाचाच भागाकार, पण नावं वेगळी. मी नोंदवहीत आता कोनासाठी 'कला' लिहितो.

* * *

संस्थेच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, ठराव 'सेकंड' कोण करणार? नवा सभासद थांबून राहिला, त्याला वाटलं आपला नंबर दुसरा. अनुमोदन हवं होतं. आणि त्या बैठकीची 'मिनिट्स' लिहायला मला दोन दिवस लागले.

* * *

वाचताना भेटलेली एक गोष्ट. 'सून', 'अनॉन', 'प्रेझेंटली' हे तिन्ही शब्द इंग्रजीत कधीकाळी 'ताबडतोब' या अर्थाचे होते. माणसं ताबडतोब म्हणत राहिली आणि उशिरा येत राहिली, तसे शब्द सैलावत गेले. 'प्रेझेंटली' तर आता कुणी 'सध्या' म्हणून वापरतं, कुणी 'थोड्या वेळाने' म्हणून. दक्षिण आफ्रिकेतला माझा सहकारी 'जस्ट नाऊ' म्हणतो तेव्हा ते काम नंतर कधीतरी होणार असतं. त्यातल्या त्यात लवकर करायचं असेल तर तो 'नाऊ नाऊ' म्हणतो. मला ते लगेच कळलं, कारण घरातून हाक आली की मीही 'आलोच' म्हणतो. पाऊल उचललेलं नसतं, क्रियापद भूतकाळात गेलेलं असतं.

* * *

सगळे अनुभव वाचले. माझा थोडा वेगळा आहे, शब्द मराठी आहे, पण इथेच लिहावासा वाटतो.

मुलगी परदेशात वाढली. मराठी बोलते, पण विचार इंग्रजीत करते. मी तिला संदेश पाठवला, 'परवा बायोप्सी.' क्रियापद लिहिलं नाही. आपला 'परवा' मागचाही आणि पुढचाही. इंग्रजीत त्याला दोन वेगळे, लांबलचक प्रयोग आहेत. तिने मागचा धरला. झाली, आणि बाबांनी मला आधी सांगितलं नाही, असा तिने अर्थ लावला. तीन तास तिचा काही संदेश नाही. मग फोन आला. आवाज बसला होता. 'रिपोर्ट काय आला?'

मी म्हटलं, अगं, व्हायची आहे अजून. गुरुवारी, सकाळी दहाला.

ती काही बोलली नाही. बुधवारी रात्री दारात उभी होती.