सोयाबीनची पानं सुरकुतलीत: व्हायरस की उसाचं तणनाशक?

वाळवा_टोकण: फुले संगम वाणाचं सोयाबीन, घरचं बियाणं, टोकून ४२ दिवस. मधूनच एखाद्या झाडाची शेंड्याची पानं सुरकुतलीत, कडा खाली वळल्यात, शिरांलगत गडद हिरवे फोड आहेत. पिवळेपणा नाहीच म्हणा. दुकानदार ‘यलो मोझॅक’ म्हणतोय, पांढऱ्या माशीचं औषध दिलंय. बांधापलीकडच्या उसात टू-फोर-डी तणनाशक मारलेलं आहे.

पानशीर: यलो मोझॅक नाही. त्यात शिरांमध्ये भडक पिवळे ठिपके उठतात, पुढे अख्खं पान पिवळं पडतं. तुमचं वर्णन सोयाबीन मोझॅक व्हायरसचं आहे. तो बियाण्यातून येतो, मावा कीड पसरवते. पण आधी टू-फोर-डी बाजूला काढा. त्यात पान चिंचोळं, टोक ओढल्यासारखं, शिरा जवळपास समांतर आणि देठ पिळलेला दिसतो. उसाच्या कडेला जास्त, आत जाल तसं कमी. पंप न धुता वापरला असेल तर मात्र ओळीच्या ओळी सापडतात. विखुरलेली एकेकटी झाडं असतील तर व्हायरसच धरा.

वाळवा_टोकण: विखुरलेलीच आहेत. मग औषध मारू?

पानशीर: माव्यासाठी नको. हा व्हायरस मावा काही सेकंद सोंड खुपसून पसरवतो, औषधाने मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. पांढऱ्या माशीचं गणित वेगळं, तिला व्हायरस घ्यायला आणि द्यायला वेळ लागतो, म्हणून तिथे फवारणीचा उपयोग होतो. तुम्ही रोगट झाडं उपटून पुरा आणि या प्लॉटचं बियाणं पुढच्या वर्षी ठेवू नका. दाण्याच्या डोळ्यापासून (शेंगेला चिकटलेल्या जागेपासून) तपकिरी डाग पसरलेले दाणे वेचून काढले की झालं, असं समजू नका. स्वच्छ दाण्यातही व्हायरस असू शकतो.

कराड_लॅब: खात्री हवी तर लॅबमध्ये एलायझा किंवा आरटी-पीसीआर चाचणी करा. सोयाबीन मोझॅक हा आरएनए व्हायरस आहे, साध्या पीसीआरने सापडत नाही. यलो मोझॅकचा डीएनए व्हायरस, तिथे साधा पीसीआर चालतो. चिठ्ठीवर नुसतं ‘व्हायरस तपासा’ लिहिलं तर चुकीची चाचणी होऊन ‘नाही’ असा निकाल येऊ शकतो. चार-पाच झाडांची नुकती उमललेली शेंड्याची पानं घ्या, जुनी वाळकी नकोत, आणि एका निरोगी झाडाचं पानही द्या. कोरड्या कागदात गुंडाळून पिशवीत, बर्फाच्या डब्यात, पण पान थेट बर्फाला लागू देऊ नका. ओल्या पिशवीत कुजलेला नमुना लॅबवाले बाजूलाच ठेवतात. तुमचा वाण ज्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रातून आला तिथे आधी विचारा.